दिवे बंद करून आमचं मत विचारलं

मंडळी, आज दुपारी बारामतीत कानाच्या मशीनच्या एका कंपनीची ग्राहकसभा होती. डोकं अजून तापलेलं आहे.

समोर बसलेले सगळे कमी ऐकू येणारे. आणि कंपनीच्या साहेबांनी पडद्यावरची चित्रं नीट दिसावीत म्हणून हॉलचे दिवेच बंद केले! ओठ बघून बोलणं समजून घेणारी माणसं अंधारात बसली. विषय काय, तर 'टिकाऊ सेवा आणि तुमचं मत'.

मला आमचे आबा आठवले. नव्वदच्या दशकात सुपे गावच्या कानतपासणी शिबिरात त्यांना खिशात ठेवायचं कानाचं मशीन मिळालं. हार घालून फोटोही निघाला. महिन्याभरात घामानं त्याची वायर गेली. वायर मिळायची फक्त पुण्यात. मग आबा बंद मशीनच खिशाला लावून हिंडायचे. म्हणायचे, "ते बघून माणसं मोठ्यानं बोलत्यात. तेवढा तरी उपयोग हाय."

आज मी उठून विचारलं, "मशीन बिघडलं तर दुरुस्ती बारामतीत होईल का?"

साहेब माईकवर म्हणाले, "पुण्याला यावं लागेल."

शेजारच्या आजींनी माझी बाही ओढली. "काय म्हणले ओ सायेब?"

त्या अंधारात त्यांना कसं सांगायचं, तुम्हीच सांगा.