राखून ठेवलेला डाव

आयसेलिनला मुलाकडे आलो, की न्यूयॉर्कच्या उंच इमारती बघायच्या असा रिवाज आहे. पण सुहासच्या ऑफिसातली नाडेज घरी चहाला आली आणि बोलता बोलता म्हणाली, की तिचे वडील ब्रुकलिनमध्ये हैतीची कोयत्याची पट्टेबाजी शिकवतात. माझ्या डोळ्यांपुढे शाळेच्या मैदानावरचा ढाल-काठीचा फरी-गदगा उभा राहिला. इमारती राहिल्या बाजूला.

शनिवारी निघालो. "ड्राइव्ह केलं तर पार्किंग शोधण्यातच दिवस जाईल, बाबा," सुहास म्हणाला. म्हणून मेट्रोपार्कहून रेल्वेने पेन स्टेशन आणि तिथून दोन नंबरची सबवे, थेट चर्च अव्हेन्यू. ज्येष्ठांनी ओळखपत्र जवळ ठेवावं, रेल्वेचं तिकीट सवलतीत मिळतं. सबवेला तीनेक डॉलर, मग कितीही लांब जा.

जिना चढून वर आलो तो देशच बदललेला. रताळी, केळ्यांचे घड, वाळवलेली काळी अळंबी, आणि भाव करणाऱ्या बायकांची गोड, गोल भाषा. स्टेशनबाहेर भेटलेल्या नाडेजने आधी जेवायला नेलं. अळंबीचा काळा भात, चेपून तळलेली कच्ची केळी, कोबीचं जहाल लोणचं. शाकाहाऱ्यांनी भात कशात शिजवलाय ते विचारून घ्यावं.

"पापांनी मला सगळं शिकवलं, एक डाव सोडून," ती म्हणाली. "पायावर येणारा वार चुकवून उलटा घालायचा डाव. तो शिष्याला देत नाहीत. दुसरा जाणणारा माझा काका होता, तो गेला. आता फक्त पापा."

मी तिला मांजर आणि वाघाची गोष्ट सांगितली. मांजरीने वाघाला सगळं शिकवलं, झाडावर चढणं तेवढं राखलं.

"पण अंकल, मी वाघ नाही. मुलगी आहे."

चर्चच्या तळघरात वस्ताद खुर्चीत बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू, पाठीला बाक. सरावाला कोयत्याऐवजी काठ्या असतात. नाडेजने काठी हातात दिली आणि म्हातारा उभा राहिला तो दुसराच. एक आखूड पाऊल, दोन लांब. लघु, गुरू, गुरू. अहो, हे तर भुजंगप्रयात वृत्त! सापाची चाल आम्ही फळ्यावर गिरवली, या माणसाच्या तळव्यांत ती होती.

खेळ थांबला. मला राहवेना. पुढे झालो आणि पायांना हात लावायला वाकलो.

पाय तिथे नव्हते. माझ्या मानेवर काठी टेकली होती, पिसासारखी.

"बाबा, हलू नका," सुहास पुटपुटला आणि नाडेजला घाईने म्हणाला, हा नमस्कार आहे.

वस्तादांनी चाचपून माझ्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या ओळखल्या आणि ते खळखळून हसले. नाडेजने इंग्रजीत सांगितलं, "पापा म्हणतात, आमच्याकडे पायाशी वाकतो तो पाय तोडायलाच." मग तिचं हसू थांबलं. ती त्यांच्या क्रिओल भाषेत हळूच काहीतरी विचारू लागली. वस्ताद दोनच शब्द बोलले.

"अंकल," ती माझ्याकडे वळली, "पुन्हा वाकाल? सावकाश?"

मी वाकलो. ते मागे सरले, थांबले, तिचं मनगट धरून वळवलं. पुन्हा वाकलो. इतके नमस्कार मी स्वतःच्या लग्नातही केले नव्हते.

"बाबा, गुडघे!"

"गप रे. वस्ताद शिकवतायत."

मग त्यांच्या जागी नाडेज उभी राहिली. मी वाकलो. मानेवर काठी टेकली, तशीच, पिसासारखी. वस्ताद ऐकत होते, पाहत नव्हते. त्यांनी मान डोलावली आणि आपली काठी भिंतीला टेकवून ठेवली.

घरी येऊन तीन दिवस गुडघे शेकतोय. लहानपणी आमचे फरी-गदग्याचे वस्ताद गेले, तेव्हा आम्ही त्यांच्यावर कविता केल्या. डाव मात्र कुणी मागितला नाही. मागायचा असतो, हे मला या पोरीने शिकवलं.

काल सुहास ऑफिसातून बातमी घेऊन आला. त्या डावाला आजवर नाव नव्हतं. आता पापा त्याला 'नामास्का' म्हणतात. शेवटचा र त्यांच्या तोंडी बसत नाही. नसू दे.