चौकटीखालचा निळा

खोटं कशाला बोलू, चूक माझीच होती.

फ्राऊ वाइनहोल्ड आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. माझ्या नवऱ्याच्या, शिरीषच्या नोकरीमुळे आम्ही जर्मनीत गोर्लित्सला आलो तेव्हापासून ह्या बाईंना मी एका जागी बसलेलं पाहिलंच नाही. चहा अर्धा टाकून खिडकीशी, खिडकीतून पुन्हा शेगडीशी. खिडकीतून नायसे नदी दिसायची आणि पलीकडे एक राखाडी दुमजली घर. ते त्यांचं. म्हणजे १९४५पर्यंत त्यांचं. युद्ध संपलं, नदी सरहद्द झाली, एका गावाचे दोन तुकडे झाले. पलीकडचा तुकडा पोलंडचा. नऊ वर्षांची ही मुलगी आईबरोबर हातगाडी ढकलत अलीकडे आली.

त्यानंतर साठ वर्षं बाईंनी पूल ओलांडला नाही. "आता दुसऱ्याच्या घरात काय बघायचं?" म्हणायच्या. मग २००७च्या ऑक्टोबरात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, नजर चाललीय, उन्हाळ्यापर्यंत टिकली तर नशीब. झालं! एकच धोशा: आईचं निळं स्वयंपाकघर एकदा बघायचंय. मुलगा स्टुटगार्टला, तो म्हणे, "जुनं उकरू नकोस." एकटीने जाण्याइतकं दिसत नव्हतं आणि माझ्याकडे पोलंडचा व्हिसा नव्हता. पोलंड शेंगेनमध्ये येणार म्हणून पुलावरची तपासणी एकवीस डिसेंबरला बंद व्हायची होती, मग व्हिसाही लागणार नव्हता. "आज किती दिवस राहिले?" बाई रोज जिन्यात अडवायच्या. माझाही जीव थाऱ्यावर नव्हता.

एकवीस तारखेला निघालो. आता, परदेशी लोकांच्या कचेरीत इतकी वर्षं रांगा लावून मला खोडच लागलेली, ओरिजिनल आणि दोन झेरॉक्स घेतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. "पोलिसांनी अडवलं म्हणजे?" असं म्हणून मी बाईंच्या काखेत जाडजूड फाइल कोंबली. पासपोर्ट, जन्मदाखला, घराचे जुने कागद, सगळं. माझ्या हातात रव्याच्या लाडवांचा डबा. पहिल्यांदा कुणाकडे जायचं तर रिकाम्या हाताने कसं जाणार?

दार पासष्टी उलटलेल्या एका बाईने उघडलं. मी आधी डबा दिला. ती हसलीसुद्धा. मग तिची नजर फाइलवर गेली आणि चेहरा पांढराफटक पडला. "घर आमचं आहे!" तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये ती ओरडली आणि दार धाडकन लावून घेतलं.

अगं बाई! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. जर्मन लोक कागद घेऊन येतील आणि घरं परत मागतील, ही धास्ती तिथे घरोघरी. आणि मी शहाणीने कागदच नेले होते!

फ्राऊ वाइनहोल्ड वळल्या आणि चालायला लागल्या. पुलावर मात्र थांबल्या आणि रडल्या. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

जानेवारी कसा काढला, माझं मला ठाऊक. बाई अजून खिडकीशी जायच्या, पण आता विचारायच्या, "घर नेमकं कुठेशी आहे, अरुंधती?" मी त्यांचं बोट धरून काचेवर टेकवायची.

फेब्रुवारीत बेल वाजली. दारात पलीकडची तीच बाई, हातात माझा डबा. "इंडियन बाई कुठे राहते?" असं विचारत आली होती. गल्लीत मी एकटीच, कुणीही घर दाखवलं असतं. डब्यात नासपतीचा मुरंबा. डबा रिकामा परत करायचा नाही, हे तिला कुणी शिकवलं कोण जाणे.

"मी हालिना," ती म्हणाली. "त्या घरात आले तेव्हा मी सहा वर्षांची होते. आमचंही घर गेलं, तिकडे पूर्वेला, रशियाने घेतलं. फ्राऊला आणा. फाइल नको."

त्याच पावली गेलो. स्वयंपाकघर पिवळं होतं. फ्राऊ वाइनहोल्डना तेही धड दिसेना. भिंतीवरून हात फिरवत राहिल्या. "निळं नाही ना आता?" त्यांनी हळूच विचारलं. मला खोटं बोलवेना.

हालिनाने भाजीची सुरी उचलली आणि दाराच्या चौकटीलगतचा रंग खरवडायला लागली. नुकता दिलेला रंग! मी "अहो, नको" म्हणेपर्यंत पिवळा गेला, त्याखाली पांढरा, मग हिरवा. मग बोटभर निळा. तिने बाईंना खांद्याला धरून तिथे नेलं, इतकं जवळ की त्यांचं नाक भिंतीला टेकलं.

बराच वेळ त्या हलल्या नाहीत. पहिल्यांदाच मी त्यांना इतकं स्थिर पाहिलं.

"हाच," त्या म्हणाल्या. "हा आईने दिलेला."