रक्त तर स्वच्छ होतं

"मास्तरीणबाई, अहो, सगळ्या बाह्या डाव्याच आल्यात!" मशीनवरची बाई ओरडली आणि कारखान्यात हशा पिकला.

चाळीस गाऊनची ऑर्डर होती, एका इस्पितळाच्या शस्त्रक्रिया विभागाची. कापडाला एका बाजूने लेप दिलेला, त्यामुळे बाही उलटी करून लावायची सोय नव्हती. ऐंशी बाह्या, ऐंशीच्या ऐंशी डाव्या. मालकही हसला. "उजव्या हाताचा डॉक्टर त्यांच्याकडे नसेलच," म्हणाला. मास्तरीण हसली. हसता हसता तिने थप्पीतली एक बाही उचलली, मग दुसरी, मग अगदी तळातली. तीही डावीच. डाव्या-उजव्याची जोडी निघावी म्हणून कापडाचे थर समोरासमोर घालायचे असतात, हे ती सतरा वर्षं झोपेतसुद्धा विसरली नव्हती. आणि आज चुकताना आपण चुकतोय, असं तिला एकदाही वाटलं नव्हतं.

त्या कारखान्यात गणवेश शिवत. वेटरांचे, परिचारिकांचे, पहारेकऱ्यांचे. कापड बेतायला आणि कापायला मास्तर असायचा. तिच्या आधी सगळे पुरुषच होऊन गेले. ती त्या टेबलाशी उभी राहिली तेव्हा तिला काय म्हणावं, हा प्रश्न पडला आणि 'मास्तरीण' हे नाव चिकटलं. माणूस दारातून आत आला की टेपला हात न लावता ती त्याची छाती आणि खांदा सांगायची. फार तर अर्ध्या इंचाचा फरक निघे. मशीनवाल्या तिच्यावर पैजा लावत.

पण गेले काही महिने तिचं काहीतरी बिनसलं होतं. उभं राहवेना. कापायला घेतलं की पाय चुळबुळ करत, आणि ती कात्री ठेवून टेबलाभोवती एक फेरी मारून येई. परत येईपर्यंत कुठल्या थराला होतो, ते डोक्यातून गेलेलं असे. शब्द जिभेवर यायचे आणि अडून बसायचे. एकदा 'अस्तर' हा शब्दच आठवेना; "ते आतलं, आतलं हो," करत बसली. शेजारणी म्हणाल्या, वय झालं. ती सत्तेचाळीसची होती.

तिला काय आहे, हे कारखान्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. नवरा अकरा वर्षांपूर्वी फुप्फुसाच्या आजाराने तीन आठवड्यांत गेला, आणि जाता जाता त्याच्या रक्तात एचआयव्ही सापडला. मग तिचं रक्त तपासलं. ज्या पांढऱ्या पेशी निरोगी माणसात पाचशेच्या वर असतात, त्या तिच्यात ब्याण्णव उरल्या होत्या. तोंडात पांढरे चट्टे, चार पायऱ्या चढल्या की धाप. त्याच आठवड्यात नवऱ्याची थोरली बहीण, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, भांडायला म्हणून आली. आपला भाऊ या बाईच्या निष्काळजीपणाने गेला, अशी तिची खात्री. टेबलावर नवऱ्याची इस्पितळातली फाइल पडली होती. तिने ती उभ्याउभ्याच वाचली, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, आणि भावाने डॉक्टरांना सांगितलेलं वाचून हा रोग कुणी कुणाला दिला ते तिला कळलं. मग पिशवी कोपऱ्यात ठेवून ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने विचारलं, "मीठ कुठे ठेवतेस गं?" त्यानंतर वन्सं परत गेल्याच नाहीत.

गोळ्या वन्संनीच सुरू ठेवल्या. रोज सकाळी नाश्त्याला त्या बशीत गोळ्या काढून समोर बसत. वहिनी गिळते की नाही, ते जुन्या टेलिफोनवाल्या बाईच्या कानांनी ऐकत. पेशी वाढल्या. दोनशे, चारशे, पाचशे ऐंशी. रक्तात विषाणू सापडेनासा झाला. दोघींनी ते दुखणं कपाटात ठेवलेल्या जड गोधडीसारखं मानलं होतं, आहे पण रोज काढायचं नाही.

त्यामुळे बाह्यांची हकिगत ऐकली तेव्हा वन्संनी पहिला प्रश्न केला तो हाच. "गोळ्या चुकवतेस?"

"तुमच्या समोर गिळते ना!"

"जिभेखाली ठेवून थुंकत असशील."

"वन्सं, मी काय पाच वर्षांची आहे?"

वन्संनी तरी डबी ओतून गोळ्या मोजल्या. एकही जास्त नव्हती, एकही कमी नव्हती. त्यांचं तोंड उतरलं, कारण गोळ्या चुकल्या असत्या तर निदान उपाय सोपा होता.

गोळ्या जिथून मिळत त्या इस्पितळातल्या समुपदेशक बाईंनी रिपोर्ट पाहिला आणि हसून म्हणाल्या, "रक्त तर एकदम स्वच्छ आहे. उगाच काळजी करता तुम्ही. या वयात पाळी जाताना होतं असं. रोज थोडं चालत जा."

"चालतेच आहे," मास्तरीण म्हणाली. "थांबता येत नाही, हीच तर तक्रार आहे."

बाईंना ती गंमत वाटली.

तेव्हापासून मास्तरीण स्वतःवरच पाळत ठेवू लागली. खिशात मावेल अशी वही घेतली आणि चूक झाली की लिहायला लागली. मंगळवार: दुधाचं भांडं पंख्याखाली ठेवलं, गॅसवर नाही. बुधवार: बाहीच्या मुंढ्याचं माप दोनदा घेतलं, दोन्ही वेळा वेगळं. शुक्रवार: सुईत दोरा घालायला अकरा वेळा प्रयत्न. अक्षरही बदलत चाललं होतं, बारीक होत जाई आणि ओळ खाली उतरे. कारखान्यात ती सगळं खडूने टेबलावर लिहून ठेवी, आणि कुणी आलं की तळहाताने पुसून टाकी. संध्याकाळपर्यंत तिचा हात पांढराफटक झालेला असे. मालक विचारी, "एवढं काय लिहिता?" ती म्हणे, "हिशेब नाही, घरच्या स्वयंपाकाची यादी," आणि तो पुढे जाई.

मग तो चौक आला. कारखान्यातून घरी येताना एकच वळण घ्यायचं असे, औषधांच्या दुकानापाशी. सतरा वर्षं घेतलेलं. त्या दिवशी ती दुकानापाशी आली, आणि चारही रस्ते तिला सारखेच दिसले. उन्हं अजून भिंतींवर होती. माणसं जात होती, येत होती. तिने एका रस्त्यावर पाऊल टाकलं, मागे घेतलं, दुसऱ्यावर टाकलं. लोकांना संशय नको म्हणून घड्याळात पाहिलं, जणू कुणाची वाट बघतेय. तासभर ती वाट बघत राहिली. शेवटी शोधत आलेल्या वन्संनी तिला दंडाला धरलं.

"कुठे उलथली होतीस? जीव टांगणीला लावलास माझा!"

"वन्सं," ती अगदी हळू म्हणाली, "घर कुठल्या बाजूला आहे?"

वन्सं रागावायचं विसरल्या. वाटेत त्यांनी दंड सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वहिनीला आणि त्या वहीला घेऊन इस्पितळात गेल्या आणि समुपदेशक बाईंच्या खोलीवरून सरळ पुढे चालत्या झाल्या. नव्याने आलेली डॉक्टर वयाने लहान होती, केस वर बांधलेले, चहा गार होऊ दिलेला. तिने वही पहिल्यापासून वाचली. मधे एकदा मागे जाऊन अक्षराची तुलना केली. मग ड्रॉवरमधून एक लाकडी फळी काढली. तिला भोकं होती, आणि वाटीत बारीक खुंट्या.

"एकेक खुंटी भोकात घाला. जमेल तितक्या लवकर."

मास्तरिणीला वाटलं, हा काय पोरखेळ. पण खुंटी बोटातून निसटत होती, भोकाच्या कडेला अडत होती. डॉक्टरने घड्याळ थांबवलं तेव्हा निम्मी फळी रिकामी होती. त्या बोटांनी रेशमाच्या बारा थरांत कात्री चालवलेली होती. ती फळीकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. ते तिला अजिबात आवडलं नाही.

"आता मी बोलू?" डॉक्टर म्हणाली. "हा विषाणू रक्तातल्या ठरावीक पांढऱ्या पेशी धरतो. त्या पेशींचं मुख्य काम बाकीच्यांना हाक देणं. तो त्यांच्या आत शिरून स्वतःच्याच प्रती काढतो, त्या मरतात, आणि हाक देणारं कुणी उरलं नाही की साधा जंतूही माणसाला आडवा करतो."

"ते माहीत आहे. घरात पाहिलंय."

"पण तो दुसऱ्याही काही पेशींत शिरतो. त्या सहजी मरत नाहीत, शरीरभर फिरतात. त्यांच्यासोबत तो मेंदूत जातो, लागण झाल्यावर थोड्याच दिवसांत. मेंदूला स्वतःच्या राखणदार पेशी असतात, झाडलोट करणाऱ्या. तो त्यांच्यात मुक्काम करतो."

"म्हणजे माझ्या विचार करायच्या पेशी त्याने खाल्ल्या?"

"नाही. त्यांच्यात तो बहुतेक शिरतच नाही. पण राखणदार पेशी बिथरल्या की त्यांच्यातून जे पाझरतं, त्याने आजूबाजूला सूज येते आणि विचार करणाऱ्या पेशींना इजा होते. हातांचा वेग, आठवण, शब्द, सगळ्यांवर परिणाम होतो."

"भांडण दुसऱ्यांचं आणि काचा हिच्या फुटल्या," वन्सं म्हणाल्या.

डॉक्टर पहिल्यांदा हसली. "साधारण तसंच."

"पण रक्त तर स्वच्छ आहे ना?" मास्तरिणीने विचारलं.

"रक्तात दिसत नाही, म्हणून मेंदूत नाही असं नसतं. सगळी औषधं तिथे सारखी पोचत नाहीत. क्वचित असं होतं की रक्तात दबलेला विषाणू तिथे वाढत राहतो. मेंदूभोवतीचं पाणी पाठीच्या कण्यातून काढून तपासावं लागेल. त्यात काहीच निघालं नाही, तर दुसरी कारणं शोधू."

कण्यात सुई म्हटल्यावर वन्संचा रंग उडाला. मास्तरिणीने मात्र तिथेच सही केली. इतक्या महिन्यांत कुणीतरी पहिल्यांदा म्हटलं होतं की इथे शोधायला काहीतरी आहे. सुईपेक्षा तिला नंतर पडून राहणं जड गेलं. डोकं ठणकत होतं, उठायला मनाई, आणि पाय पांघरुणाखाली चालतच होते.

रिपोर्ट यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत तिने घरातले सगळे पडदे उसवले. आठव्या दिवशी वन्संनी पडदे कोण शिवणार म्हणून कडाक्याचं भांडण काढलं, आणि भांडून दोघींना जरा बरं वाटलं.

पाण्यात विषाणू होता. रक्तात नाही, पाण्यात होता. आणि तिच्या जुन्या गोळ्यांपैकी एकीला तो दाद देईनासा झाला होता. डॉक्टरने गोळ्या बदलल्या. "किती परत येईल, हे मी आज सांगू शकत नाही," ती म्हणाली. "सूज उतरेल तसं बरंचसं येईल. सगळं येईलच असं नाही."

मालकाला सांगणं भाग होतं. तिने आजाराचं नाव घेतलं नाही. मेंदूला सूज आहे, उपचार चालू आहेत, एवढंच सांगितलं. मग त्याने टेबलाशी एक नवा मास्तर आणला आणि तिला तपासणीवर बसवलं. लोंबते दोरे कापायचे, बटणं ओढून बघायची. तिला मान्य होतं, कारण बेततानाचा तिचा अंदाज खरोखरच गेला होता. पण नवा मास्तर कात्री चालवताना करकर आवाज करायचा, आणि तो आवाज आला की ती उठून जिन्यात जाऊन उभी राही. एकदा तिथे तिने भिंतीवर बुक्की मारली. भिंतीला काही झालं नाही. तिचं बोट आठवडाभर सुजलेलं होतं.

पहिले दोन महिने काहीच बदललं नाही. तिसऱ्या महिन्यात सुईत दोरा चौथ्या प्रयत्नात गेला. वहीत एक दिवस कोरा गेला, मग सलग तीन. सहा महिन्यांनी पुन्हा पाणी काढलं. त्यात विषाणू सापडला नाही. खुंट्यांची फळी तिने पूर्ण भरली. डॉक्टरने वेळ पाहून सांगितलं, तुमच्या वयाच्या माणसापेक्षा अजून थोडी हळू. "थोडी म्हणजे किती?" तिने विचारलं आणि आकडा घेऊनच ती उठली.

सगळं परत आलं नाही. माणसाकडे नुसतं बघून माप सांगणं गेलं ते गेलं. काही शब्द अजून दारात अडखळतात. संध्याकाळी पाय चुळबुळतात, मग ती आणि वन्सं जिन्यावरून चार वेळा वरखाली करतात. वन्सं तिसऱ्या वेळी बसून घेतात आणि तिथूनच मोजतात.

गेल्या महिन्यात कारखान्यात वेगळंच काम आलं. एका वादकसंघाला त्यांच्या मोठमोठ्या तंतुवाद्यांसाठी जाड खोळी हव्या होत्या. गोल पोट, लांब मान, मधेच कंबर. नव्या मास्तराने नमुन्याला आणलेल्या वाद्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "हे आपलं काम नाही. याला माप कुठून धरायचं?"

मास्तरीण दोरे टाकून उठली. असलं काही तिनेही कधी बेतलं नव्हतं, त्यामुळे विसरायलाही काही नव्हतं. तिने टेप घेतला, कागद पसरला.

"दोन दिवस लागतील," ती मालकाला म्हणाली. "आणि प्रत्येक माप मी दोनदा घेणार. कुणी हसायचं नाही."

"दोन दिवस? पूर्वी तुम्ही एका सकाळीत..."

"पूर्वीचं सोडा. तीन म्हटलं नाही, हे नशीब समजा."

मालकाने नव्या मास्तराकडे पाहिलं, वाद्याकडे पाहिलं, आणि तिला जागा व्हावी म्हणून खुर्ची ओढून बाजूला केली. तिने वाद्याच्या खांद्यावर टेप ठेवला, आकडा मोठ्याने वाचला आणि लगेच लिहून घेतला.