हुलग्याच्या बळावर

माझ्या मोठ्या जाऊबाईंना आम्ही सगळेच अक्का म्हणायचो. मी लग्न होऊन बोरी बुद्रुकला आले तेव्हा त्यांना या घरात नऊ वर्षं झाली होती. मी शाळेत शिकवायला जायची, त्या शेत बघायच्या. कांद्याची गोणी दोघींनी धरून उचलायची म्हटलं, तर माझ्या बाजूचं वजनही त्याच पेलायच्या.

त्यांनी पन्नाशी ओलांडली होती तेव्हा थोरल्या दिरांना कावीळ झाली. पुण्याच्या दवाखान्यात तीन आठवडे होते. डॉक्टरांनी आशा सोडल्यासारखं बोलायला सुरुवात केली, त्या दिवशी अक्कांनी माहेरच्या देवीला सांगितलं, यांना उठव, मी मटण-मासे सोडते. दीर उठले आणि त्यानंतर चौदा वर्षं जगले.

अक्कांचं माहेर आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या काठी होतं. लहानपणी वडील ओढ्यात सापळा लावायचे, पहाटे त्यात सापडलेले मासे आई नाचणीच्या भाकरीबरोबर करायची. सोडायचं ते त्यांनी आवडीचंच सोडलं होतं. घरात आम्ही बाकीचे खात होतो, आणि रांधायच्या मात्र त्याच. चव घेता येत नसल्यामुळे मला हाक मारायच्या. मी वह्या तपासायच्या सोडून जायची, पळीतला रस्सा तळहातावर घ्यायची. मीठ बरोबर आहे म्हणेपर्यंत त्या माझ्या तोंडाकडे बघत राहायच्या. त्यांच्यासाठी मी कधी बेसनाची मासवडी करायची. नावात तरी मासा आहे, असं म्हणून त्या हसत खायच्या.

दीर गेले आणि अक्कांचं जेवण सुटत गेलं. सकाळी चहा-बटर, दुपारी चतकोर भाकरी आणि ठेचा. दूध सगळं डेअरीला जायचं. मी नुकतीच निवृत्त होऊन घरी बसले होते, तरी माझ्या लक्षात यायला वेळ लागला. लक्षात आलं ते डिंगोरे गावातल्या एका साखरपुड्यात. मांडवात पंगत बसली होती. जेवणं झाली, सगळ्या उठल्या, आणि अक्का तशाच बसून राहिल्या. मला वाटलं कोणाशी बोलतायत. जवळ गेले तर हळूच म्हणाल्या, "मला उठता येईना गं." दोन बायकांनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं. अक्का हसल्या, पाय बधिर झाला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना आळेफाट्याला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पोरगेलीच होती. तिनं अक्कांना खुर्चीत बसवलं, हात छातीवर घडी घालून ठेवायला सांगितले आणि म्हणाली, आता हातांचा आधार न घेता उठा. अक्का पुढे झुकल्या, मागे पडल्या, पुन्हा झुकल्या. नाही जमलं. मग तिनं काय खाता ते विचारलं आणि ऐकून मान हलवली. मांड्यांचं मांस झडत चाललंय, म्हणाली, रोज दोन अंडी खा. अक्कांनी नाही म्हटलं, नवसात अंडंही आलं म्हणाल्या. मी तिथंच त्यांच्याशी वाद घातला, की ज्यांच्यासाठी सोडलं ते माणूस गेलं, आता कसला नवस. अक्का भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या.

डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. बरं, नको अंडी, म्हणाल्या. मग प्रत्येक जेवणात डाळ किंवा उसळ पाहिजे, दूध, दही, शेंगदाणे पाहिजेत. आणि नुसतं खाऊन चालणार नाही, अंगाला काम दिलं नाही तर त्याचं बळ होत नाही.

आमच्या ओसरीवर मग नवाच उद्योग सुरू झाला. प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या एकात एक घातल्या की बैठक उंच होते, तिथून सुरुवात केली. दहा वेळा बसायचं, दहा वेळा उठायचं. माझे गुडघेही कुरकुरत होतेच, म्हणून मीही बरोबर उठबस करायची. महिन्याभरानं एक खुर्ची काढली. पुढे पाट आला, त्याच्याखाली वीट ठेवून. बाटल्यांत वाळू भरून त्या उचलायच्या. डेअरीत दूध घालायला जाणाऱ्या बायका फाटकाशी थांबून बघायच्या, दोघी म्हाताऱ्या पैलवान व्हायला निघाल्या म्हणायच्या. त्यातल्याच दोघी-तिघी नंतर येऊन बसायला लागल्या.

खाण्याचं जरा अवघड गेलं. मी हुलग्याचं, म्हणजे कुळथाचं, पातळ माडगं केलं, शेंगोळे केले, तर हा बैलांचा खुराक म्हणून त्यांनी ताट सरकवलं. थोड्या वेळानं ते पुन्हा पुढे ओढलं. "बैल तरी कुठं अंडी खातो," म्हणाल्या आणि जेवल्या. डेअरीच्या कॅनमध्ये दूध जाण्याआधीच मी त्यातला एक पेला काढून ठेवू लागले.

सात-आठ महिन्यांनी एके सकाळी अक्का जमिनीवरून, हात न टेकता, एका दमात उठल्या. उठून तशाच उभ्या राहिल्या, जणू कोणी उठवलं ते बघत होत्या. त्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं की माहेरच्या देवीला जायचं आहे. देवी डोंगरावर आहे. दिरांना बरं वाटल्यावर दोघं एकदा जाऊन आले होते, त्यानंतर त्यांचं जाणं झालं नव्हतं.

वैशाखात आम्ही गेलो. जीप पायथ्याशी थांबली आणि आम्ही दोघी चढायला लागलो. सात ठिकाणी बसलो. प्रत्येक ठिकाणी त्याच आधी उठल्या.

वरून धरणाचं पाणी दिसत होतं. अक्कांचं गाव त्या पाण्यात गेलेलं. उन्हाळ्यानं पाणी खूप मागे हटलं होतं आणि भेगाळलेल्या चिखलात जोत्यांचे दगड रांगेनं उघडे पडले होते. अक्कांनी बोटानं घर दाखवलं, मग शेजारचं घर, मग ओढा कुठून यायचा ते. मला तिथं नुसते दगड दिसत होते. आम्ही भाकरीचं फडकं सोडलं. खाताखाता त्या म्हणाल्या, "लई आठवण येती गं माशाची. आईच्या हातच्या. देवीला इचारू का, आता सोडव म्हणून?"

मी म्हटलं, विचारा की. तिला कळत नाही का.

त्या आत गेल्या. मी बाहेर कातळावर बसून राहिले. बराच वेळ लागला. आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते. काय म्हणाली देवी, असं मी विचारलं.

"न्हाई इचारलं," अक्का म्हणाल्या. "चौदा वर्सं दिली तिनं. वरती मासा कसा मागू?"

उतरताना त्यांनी माझा हात धरला नाही. मीच त्यांचा धरला होता.

त्यानंतर अक्का सात वर्षं होत्या. शेवटच्या आठवड्यापर्यंत जमिनीवर बसून जेवत होत्या आणि स्वतःच्या पायांवर उठत होत्या. थंडीत ताप आला, छाती भरली, चार दिवसांत गेल्या. पंच्याहत्तरी गाठायची राहिली.

मी आता अडुसष्ट वर्षांची आहे. सोबत येणाऱ्या बायकांपैकी कोणी मुलाकडे पुण्याला गेली, कोणी नातवंडांत अडकली. व्यायाम मी सोडलेला नाही. सकाळी ओसरीवर एकटीच उठबस करते. मध्येच शेजारी, अक्कांच्या जागेकडे बघते, मोजायचं राहून जातं, आणि पुन्हा एकपासून सुरुवात करावी लागते. हल्ली दम लवकर लागतो, असं मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी पट्टा बांधून रक्तदाब बघितला, छातीला नळी लावून ऐकलं. सगळं ठीक आहे म्हणाल्या.