ड्युटीवर पिऊन

रुपराव भोयरच्या रागाला नावं ठेवणाऱ्यांनी आधी एक ध्यानात घ्यावं, या माणसानं जन्मात कधी दारूला हात लावला नव्हता.

बावीस वर्षं तो नागपुरातल्या एका हवामान कचेरीत गॅस भरून फुगे सोडत होता. फुग्याला टांगलेली डबी तीस किलोमीटर वर जायची, तिथली थंडी, ओल, वारा खाली कळवायची. त्यावर शिकलेले लोक संशोधनाचे निबंध लिहायचे. त्यात रुपरावचं नाव कशाला असेल! फुगा दिसेनासा होईस्तोवर मान वर करून पाहत राहायचं, एवढाच त्याचा अभिमान.

मार्चमधल्या एका संध्याकाळी त्यानं फुगा सोडून वर पाहिलं आणि जमीन गर्रकन फिरली. कुंपणाला धरून तो कसाबसा सावरला. खिडकीतून देशकर साहेबांनी ते पाहिलं. साहेब खाली आले नाहीत की काय झालं म्हणून विचारलं नाही. फुग्यांच्या नोंदवहीत शेरा मारून मोकळे झाले: 'कर्मचारी ड्युटीवर पिऊन आढळला.' मोठा दीडशहाणा माणूस!

रुपरावला फुग्यावरून काढून टपालावर बसवलं. चहाच्या टपरीवर लोक डोळे मिचकावू लागले. तेही त्यानं गिळलं असतं. पण मनीषनगरच्या घरी त्याच्या बायकोनं, वच्छलानं, ताट वाढताना हळूच त्याच्या तोंडाजवळ नाक आणलं, तेव्हा तो भरल्या ताटावरून उठला.

शरमलेली वच्छलाच मग त्याला दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टर वैदेही माणसाच्या तोलावर संशोधन करत होत्या. चक्कर फक्त वर पाहिल्यावर येते, हे ऐकून त्यांनी त्याला आडवं केलं, मान पलंगाबाहेर मागे झुकवली. त्याची बुबुळं भराभरा हलू लागली. कानातले बारीक कण जागचे सुटलेत, दारूचा काही संबंध नाही, असं त्यांनी सांगितलं. मान इकडे वळव, तिकडे वळव करून दहा मिनिटांत उठवलं, तर छत जागच्या जागी. वच्छलानं डोळ्यांना पदर लावला. रुपराव मात्र आणखीच पेटला. दहा मिनिटांचं दुखणं, आणि महिनाभर दारुडा!

दुसऱ्या दिवशी दाखला घेऊन तो साहेबांपुढे उभा राहिला. साहेबांनी तो वाचला, बरं झालं म्हणाले आणि खणातून व्हाइटनर काढलं. कचेरीचा नियम तर शिपायालाही पाठ असतो. नोंदवहीत चुकलं तर पुसायचं नाही, एक रेघ मारायची आणि शेजारी सही करायची. रुपरावनं वहीवर हात ठेवला.

"झाकू नोका, सायेब. माह्या हातून आकडा चुकला तं तुम्ही मले सही करायले लावत होते. रेघ मारा. कोण चुकलं ते वाचता आलं पाह्यजे."

साहेबांनी समजावून पाहिलं, आवाज चढवून पाहिला. रुपराव हलला नाही. दारात अख्खी कचेरी गोळा झाली. अखेर साहेबांनी रेघ मारली. सही करताना त्यांचा हात कापत होता.

रुपरावनं त्या हाताकडे पाहिलं. "हात काहून कापून राह्यला, सायेब? घेतली तं नाही ना?" मग वही बंद करत म्हणाला, "मी निदान इचारलं तरी. तुम्ही तेवढंही नाही केलं."