लेन्स साफ करून आणा म्हणे

भिवंडीतल्या कामतघरच्या एका शेठला परगावच्या गिऱ्हाइकांना दाखवायला कारखान्याचे फोटो हवे होते. माझे वडील त्याच्याच कापडाच्या लूमवर उभं आयुष्य काढलेले, अजूनही तिथेच कामाला, आणि मी फोटोग्राफर, म्हणून काम माझ्याकडे आलं. मी फ्लॅश लावून फोटो काढून दिले, तर शेठने मलाच झापलं. प्रत्येक फोटोत पांढरे गोल ठिपके होते.

"ताई, तुमच्या लेन्समध्ये धूळ गेलीय. साफ करून आणा, मग काढा."

माझं डोकंच फिरलं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, ते हे असं. लेन्स मी पोटच्या पोरासारखी जपते. ठिपके लूमवरून हवेत उडणाऱ्या रुईचे, कापसाच्या बारीक तंतूंचे होते. फ्लॅश पडला की तिचा कण न् कण चमकतो. पण ऐकतंय कोण? मुकादम तर शिफ्ट सुटताना कपड्यांवरची रुई उडवायचा हवेचा पाइप घेऊनच आला. भिवंडीत सगळ्यावर औषध एकच, हवा मारा. त्या हवेने रुई खरंच लेन्समध्ये गेली असती. मी कॅमेरा ओढणीत गुंडाळला, शेठच्या एसी केबिनमध्ये गेले आणि त्याचाच फोटो काढला. तीच लेन्स, तोच फ्लॅश, ठिपका एक नाही.

शेठने फोटो मोठा करून बघितला. मला वाटलं, आता तरी लाजेल. त्याने मुकादमाला हाक मारली. "लूम बंद करा. झाडा, पाणी मारा, खिडक्या उघडा."

मागे खोकून खोकून बेजार झालेल्या वडिलांनी एकच खिडकी उघडी ठेवा म्हणून विनवलं होतं. वाऱ्याने धागा तुटतो, असं सांगून शेठने त्यांना परत लूमवर धाडलं होतं. आज सगळ्या खिडक्या उघडल्या आणि धाग्याचं नावही कोणी काढलं नाही. माणसाच्या छातीपेक्षा फोटोची किंमत जास्त! मी दात-ओठ खात फोटो काढले. एकातही ठिपका आला नाही. शेठ खूश झाला.

मी कॅमेरा बॅगेत ठेवला तोवर मुकादम खिडक्या लावायला लागला होता. वडील लूम चालू करायला निघाले, तसे माझ्यापाशी थांबले. दुपारभर ते एकदाही खोकले नव्हते.

"उद्या बी फोटू काढणार हायस का गो?" त्यांनी हळूच विचारलं.