फुलपात्राखालचे फासे

पोळ्याच्या पाठचा रविवार: ढालीचा भाव वीस मोहरांवरून चाळीस मोहरा करण्यात आला. जबाबदार, माझे व्याही. घटस्थापनेच्या आधीचा रविवार: तिरंदाजाला एका डावात तीन बाण सोडण्याची मुभा, माझी लेखी हरकत असताना, कायम ठेवण्यात आली. जबाबदार, माझे व्याही आणि त्या मुभेवर चरणारे शाळेतले ड्रिल मास्तर. दसऱ्यानंतरचा पहिला रविवार: माझा ढालकरी जगला की मेला हे ठरविणारे फासे टाकण्यात आले, पाहण्यात आले, आणि त्यांचा निकाल आजतागायत जाहीर करण्यात आलेला नाही. जबाबदार, माझे व्याही. आणि या खेपेस ते एकटेच.

वैनगंगेच्या दोन्ही काठांवर माझ्या व्याह्यांइतका नियमांवर जीव लावणारा आणि त्याच नियमांनी दुसऱ्याचा जीव नकोसा करणारा मनुष्य झालेला नाही. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. मी बालाघाटच्या न्यायालयात आयुष्यभर रीडर होतो. साहेबांच्या उजव्या हाताला बसून मी तारखा दिल्या, कागद लावले आणि नियमांवर जगणारी पुष्कळ माणसे पाहिली. परंतु ती सर्व माणसे पाच वाजता घरी जात. माझे व्याही भूमापन कार्यालयातून नकाशानवीस म्हणून निवृत्त झाले ते कार्यालय डोक्यात घेऊनच. माझी मुलगी त्यांच्या घरी सून म्हणून गेली तेव्हा लग्नाच्या यादीलासुद्धा त्यांनी आवक क्रमांक घातला होता.

त्यांचा खेळ कसा सुरू झाला ते सांगितले पाहिजे. मलाजखंडला तेव्हा खाणीची वसाहत नवी नवी उभी राहत होती, आणि तेथे आलेला कुणी परदेशी इंजिनिअर जाताना एक इंग्रजी पुस्तिका मागे टाकून गेला. जावयांच्या हाती ती लागली आणि त्यांच्याकडून व्याह्यांच्या. तिची अर्धी पाने गहाळ होती. उरलेल्या अर्ध्या पानांवरून एवढे कळत होते की चार-पाच जणांनी बसावे, प्रत्येकाने एकेका वीराची भूमिका घ्यावी, एकाने सूत्रधार व्हावे, आणि लढाईत काय घडले ते फाशांनी ठरवावे. लढाईत मिळालेल्या मोहरांनी बाजारात शस्त्रे घ्यावीत आणि पुढे चालावे. गहाळ पानांचे नियम व्याह्यांनी स्वतः केले. भूमीही आपलीच घेतली. किरनापूरला जकातनाका, परसवाड्याला शस्त्रांचा बाजार, मलाजखंडला तांब्याची गुहा आणि सर्वांत शेवटी लांजीचा किल्ला. दर रविवारी चार वाजता त्यांच्या समोरच्या खोलीत आम्ही जमत असू. ड्रिल मास्तर तिरंदाज. किरनापूरहून बसने येणारे कापडवाले वैदू, कारण त्यांना लढाईची भीती वाटे. मी ढालकरी. तीन वर्षे मी तो एकच ढालकरी जिवंत ठेवला होता, हे येथे नमूद करून ठेवतो.

व्याह्यांचा नकाशा प्रमाणात असे, आणि ते प्रमाण आमच्या जिवावर उठे. एकदा ड्रिल मास्तरांनी सांगितले, "मी नाला कुदून गेलो." व्याह्यांनी खिशातली पट्टी काढली, नाला मोजला आणि शांतपणे म्हणाले, "नाला अकरा हात. तुमची उडी सात हात. चार हात पाण्यात पडलात."

"असं कसं जी? मी ड्रिल मास्तर हावो!"

"मास्तर शाळेत. इथे तुमच्या पाठीवर सत्तावीस बाण आणि एक तंबू आहे."

भावाचेही तेच. खेळातल्या तलवारीचा भाव ठरविण्यासाठी ते खऱ्या परसवाड्याला खऱ्या बसने जात आणि खऱ्या लोहाराला विळ्याचा भाव विचारून येत. आम्ही मलाजखंडची गुहा जिंकून पोत्यांनी तांबे बाहेर काढून त्याच्या मोहरा केल्या तेव्हा आमचा आनंद एकच आठवडा टिकला. पुढच्या रविवारी भिंतीवर भावफलक: ढाल, मोहरा चाळीस. मी उभा राहिलो. व्याही म्हणाले, "मोहरा तुम्ही वाढवल्यात. ढाली लोहाराकडे तेवढ्याच आहेत. तो काय करील?" कापडवाले मान हलवून म्हणाले, "हौ, हे तं बरोबर हाय. आमच्याकडे पण सिझनमधे असंच होते." आपल्याच पक्षाचा साक्षीदार असा उलटलेला मी न्यायालयातही क्वचितच पाहिला होता.

येथे वाचक विचारतील की मी तेथल्या तेथे भांडलो का नाही. उत्तर सोपे आहे: मी मुलीचा बाप आहे. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात, आणि इवायाच्या घरी मुलीच्या बापाने आवाज चढवायचा नसतो. मानपानाच्या पाटावर ते वर बसणार आणि मी खाली, हे लग्नाच्या दिवशीच ठरले. खेळाच्या चटईवर मात्र आम्ही समोरासमोर बसत असू. तेव्हा तोंडाने जे बोलता येत नव्हते ते मी लिहून देऊ लागलो. "प्रति, सूत्रधार महोदय, विषय, तिरंदाजास मिळणारा अवाजवी लाभ." व्याही तो कागद दोन्ही हातांनी घेत, आवक क्रमांक घालीत, फायलीला लावीत, आणि पुढच्या रविवारी खेळाआधी त्यावरचा आदेश वाचून दाखवीत. त्यांनी माझा एकही अर्ज न वाचता ठेवला नाही. हे त्यांच्या बाजूने सांगणे मला भाग आहे. माझी मुलगी मात्र वैतागली होती. "बाबा, कागद द्याचा असन तं मामाजीच्या हातात देत जा. मले मधात टाकू नका. स्वयंपाकघरात दोघायचेही निरोप घेऊन राह्यली मी."

माझी मूळ तक्रार रास्त होती आणि ती मी आजही मागे घेत नाही. ढालकऱ्याने पुढे उभे राहून वार खायचे, आणि तिरंदाजाने मागे झाडाखाली उभे राहून एका डावात तीन बाण सोडायचे. शत्रू मेला की अखेरचा घाव तिरंदाजाचा, म्हणून लुटीतला मोठा वाटा तिरंदाजाचा. बाणांची जुडी दोन मोहरांना, ढाल चाळीसला. मार मी खावा, माल मास्तरांनी न्यावा, आणि वर ढालीची किंमतही मीच द्यावी! तीन अर्ज नामंजूर झाले. चौथ्या वेळी मी मार्ग बदलला. धनुष्य कधी मोडतच नाही, हे सृष्टिक्रमाला धरून नाही, असा मुद्दा घेतला आणि नियमाचा मसुदाच तयार करून दिला. एक आठवडा मी त्या वाक्यावर घालवला होता. "हातात धरून वापरलेले प्रत्येक साधन वापरागणिक झिजते; सबब दर वापरास त्याचा एक गुण कमी व्हावा, गुण संपताच ते मोडले असे समजावे, आणि यास कोणताही अपवाद नसावा." धनुष्य हे नाव मी मुद्दाम घातले नाही. नाव घातले असते तर मास्तरांनी पक्षपाताची ओरड केली असती. अर्ज मंजूर झाला, एकही शब्द न बदलता. त्या रविवारी मी घरी चालत आलो तो पाय जमिनीला न लावता.

दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही लांजीच्या किल्ल्याच्या दारात पोहोचलो. दारात गदा घेतलेला द्वारपाल. मागे किल्ला, किल्ल्यात ते सर्व, ज्यासाठी तीन वर्षे चाललो होतो. मास्तरांचे धनुष्य तिसऱ्याच बाणाला मोडले आणि मी मिशीत हसलो. मास्तरांनी पाठीवरून दुसरे काढले. धनुष्य सहा मोहरांना मिळत असे. ते तीन घेऊन आले होते. मी त्यांच्यापुढे उभा राहिलो. एक वार, दुसरा, पाचवा, आठवा. माझी मुलगी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली होती.

"नववा वार," व्याही म्हणाले.

"ढाल पुढे केली," मी म्हणालो.

"ढाल मोडली."

"मोडली? कशी मोडली?"

"हातात धरली होती ना?"

"ढाल हातातच धरतात!"

व्याह्यांनी फाईल उघडली, चष्मा लावला आणि माझे वाक्य माझ्याच विरामचिन्हांसह वाचून दाखवले. अपवाद नसावा, येथे ते थांबले आणि माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत विजय नव्हता, हे मी शपथेवर सांगेन.

मास्तर मात्र मांडीवर थाप मारून ओरडले, "अजी रीडर साहेब, हे तं तुमचंच कलम हाय ना! आता काहून चिडून राह्यले?"

"चुप राहा ना मास्तर," कापडवाले म्हणाले. "ढाल गेली तं जाऊ द्या, माणूस वाचते का पहा पहले. माझ्याजवळ जडीबुटी हाय एक, पण दम तं उरला पाहिजे त्याच्यात."

नियम असा होता की बिनढालीच्या वाराला दोन फासे टाकायचे; सात किंवा वर पडले तर वीर वाचला, खाली पडले तर गेला, आणि गेलेला वीर परत येत नाही. अशा वेळी व्याही फासे पितळी फुलपात्रात हलवून ते चौरंगावर पालथे घालीत, आपल्या बाजूची कड किंचित उचलून एकटे पाहत, आणि मग सावकाश वर्णन करून सांगत. तसेच त्यांनी केले. कड उचलली, पाहिले आणि कड खाली ठेवली. मग चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसत बसले. तो चष्मा त्या दिवशी फार वेळ पुसला गेला.

"इवाईबुवा, चहा घ्या," ते म्हणाले.

"निकाल?"

"राखून ठेवला."

हे दोन शब्द मी आयुष्यभर साहेबांच्या तोंडून ऐकून रोजनाम्यात उतरविले होते. आपल्यावर आले म्हणजे कसे लागतात ते त्या दिवशी कळले. व्याही चौरंगाला कुणाला हात लावू देईनात. पुढच्या रविवारी सांगतो, म्हणाले. माझा विश्वास उडाला होता. मी तेथेच कागद मागवून पंचनामा केला, फुलपात्रावरून चौरंगाला फडके बांधले, गाठीवर लाख ओतली, मास्तरांची आणि कापडवाल्यांची सही घेतली. व्याह्यांनी मेणबत्ती धरली. पंचनाम्याला आवक क्रमांकही त्यांनीच घातला.

पुढचा रविवार आलाच नाही. बुधवारी जावयांच्या बदलीची बातमी फुटली, जगदलपूरला, आणि दिवाळीच्या आत बिऱ्हाड हलले. ट्रक निघताना व्याह्यांनी घराची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "चौरंग तिथेच आहे. हलवू नका, फासे पलटतील." निरोपाला आलेल्या पाहुण्यांसमोर मी काय बोलणार? मी मुलीचा बाप.

त्यानंतर मी त्यांना जगदलपूरला सहा पत्रे पाठविली आहेत. ढाल ही शस्त्र नसून संरक्षणसाधन आहे, सबब नियम तिला लागू नाही. नियमाचा हेतू धनुष्यापुरता होता. मंजुरीपूर्वी घेतलेल्या ढालीस नवा नियम लावता येत नाही. सगळे मुद्दे बिनतोड आहेत. प्रत्येक पत्राला पोस्टकार्ड येते. त्यावर आवक क्रमांक, खाली एकच शब्द: विचाराधीन. अक्षर पूर्वी छापल्यासारखे असे. आता ते थोडे उताराला लागले आहे.

गेल्या महिन्यात मुलीचे पत्र आले. खुशाली झाल्यावर शेवटी तिने लिहिले आहे, "बाबा, तुम्हाला सांगू नको म्हणाले होते, पण मामाजींना बदलीचं त्या रविवारच्या आधी शुक्रवारीच कळलं होतं. आता इथे रविवारी चार वाजता ते नकाशा उघडून बसतात. बोलावलं तर येत नाहीत."

म्हणजे फुलपात्राची कड उचलली तेव्हा त्यांना सर्व माहीत होते. मी हा कागद पुष्कळ वेळा वाचला. न्यायालयात एक गोष्ट मी नेहमी पाहिली होती: निकाल लागला की पक्षकार पुन्हा एकमेकांचे तोंड पाहायला येत नाहीत, प्रकरण चालू असेपर्यंत मात्र तारखेला दोघेही हजर. नियमाबाहेर पाऊल न टाकणाऱ्या माझ्या व्याह्यांनी हे कोठे शिकावे, मला ठाऊक नाही.

दर रविवारी चार वाजता मी ते घर उघडतो, खोली झाडतो, लाख शाबूत आहे ते पाहतो आणि बंद करून येतो. चौरंगाला माझा धक्का लागलेला नाही. मास्तर एकदा म्हणाले, "फोडा ना जी ते, कोन पाह्यते?" मी त्यांना बाहेर काढले. एकतर्फी उघडलेला पुरावा ग्राह्य नसतो.

तरी या लेखाद्वारे माझी जाहीर मागणी आहे. मला दया नको आणि पोस्टकार्ड नको. सूत्रधार महोदयांनी जगदलपूरहून निघावे, कोणत्याही रविवारी चार वाजता आपल्याच खोलीत, मास्तर व कापडवाले या पंचांसमक्ष, लाख फोडावी, फुलपात्र उचलावे, आणि माझा ढालकरी जिवंत आहे की नाही याचे उत्तर सर्वांदेखत द्यावे. पाच असोत की अकरा, मी ते मान्य करीन. गेला असेल तर दुसरा वीर घेऊन पहिल्या नाक्यापासून पुन्हा चालू लागेन; ढाल चाळीस मोहरांनाच घेईन, आणि त्या भावाविरुद्धचा अर्ज चहा झाल्यावर लगेच, समक्ष, हाती देईन.